मुकादम, कामगार अधिकारी आणि तक्रारीचा हक्क

ज्या कारखान्यात वर्षभर एकही लेखी तक्रार आली नाही तो कारखाना सुखी, असा निष्कर्ष वार्षिक अहवाल लिहिणारे सहज काढतात. कारण कामाच्या ठिकाणचा तंटा हे व्यवस्थेच्या अपयशाचे लक्षण, ही समजूत उद्योगजगतात खोलवर रुजलेली आहे. नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यातील खांडबारा आणि त्याच्या आसपासच्या गावांत ज्यांचा कामगारांशी रोजचा संबंध येतो, त्यांचा अनुभव मात्र याच्या उलट दिशेने बोट दाखवतो. येथे तक्रार नसणे म्हणजे बहुतेक वेळा ती सांगण्याची जागा नसणे, आणि न सांगितलेली तक्रार कागदावर कधीच न उमटता एखाद्या सकाळी हजेरीपटावरच्या रिकाम्या रकान्यात दिसते: कामगार न सांगता गावी निघून गेलेला असतो, आणि त्याच्याबरोबर त्याच्या पाड्यावरचे आणखी चौघेही गेलेले असतात. भरती, हजेरी, वेतन, रजा, शिस्त आणि तक्रारनिवारण ही कामे पाहणाऱ्या ज्या खात्याला आज मनुष्यबळ विभाग किंवा सर्रास एचआर म्हटले जाते, त्याची खरी कसोटी या रिकाम्या रकान्यापाशी लागते.

खांडबारा हे सुरत–भुसावळ या ताप्ती खोऱ्यातून जाणाऱ्या रेल्वेमार्गावरील नवापूर आणि नंदुरबार यांच्या दरम्यानचे स्थानक आहे. नवापूर तालुका पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील आदिवासी प्रदेशात मोडतो, आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. मावची, कोकणी, भिली, अहिराणी आणि गुजराती या बोली-भाषा एकाच बाजारात कानावर पडतात. या भागातील माणसाला मिळणारे काम अनेक तऱ्हेचे आहे: डोकारे येथील आदिवासी सहकारी साखर कारखाना, नवापूर परिसरातील कुक्कुटपालन केंद्रे (२००६ मध्ये भारतात बर्ड फ्लूची पहिली नोंद झाली ती याच परिसरात), नवापूरच्या औद्योगिक वसाहतीतील कापडाचे कारखाने, आश्रमशाळा, दवाखाने, पतसंस्था, आणि या सर्वांहून अधिक हात ओढून घेणारी, दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होणारी दक्षिण गुजरातेतील ऊसतोड. यांपैकी मोजक्या ठिकाणीच मनुष्यबळ विभाग नावाची खोली आहे, ही गोष्ट पुढील सर्व विवेचनात लक्षात ठेवावी लागेल.

ही खोली मुळात कशासाठी निर्माण झाली, हे पाहिल्याखेरीज तिचे आजचे बळ आणि तिची मर्यादा कळत नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत माणूस कामावर घेणे, त्याला बदलीवर बसवणे, खाडा झाला तर काढून टाकणे आणि या प्रत्येक गोष्टीसाठी दस्तुरी घेणे हा सारा कारभार जॉबरच्या, म्हणजे खात्याच्या मुकादमाच्या हाती होता. कामगाराचे भांडण मुकादमाशी असले तर दाद मागायची तीही त्याच्याकडेच, असा तो पेच होता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरवून मागण्यांचे निवेदन तयार केले आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली, तेव्हा कामगारांचे म्हणणे मुकादमाला ओलांडून मालकांपर्यंत प्रथमच संघटितपणे पोहोचले. पुढे १९२८ च्या सहा महिन्यांच्या सार्वत्रिक संपाने ही व्यवस्था किती पोकळ झाली आहे हे उघडे केले. १९२९ मध्ये नेमलेल्या आणि १९३१ मध्ये अहवाल देणाऱ्या व्हिटले आयोगाने, ज्याचे नारायण मल्हार जोशी हे एक सदस्य होते, अशी शिफारस केली की भरती आणि बडतर्फी यांचा अधिकार जॉबरकडून काढून घ्यावा, त्यासाठी स्वतंत्र कामगार अधिकारी नेमावा आणि त्याने कारखान्याच्या मुख्य व्यवस्थापकाखेरीज कोणाच्याही हाताखाली असू नये. त्या अधिकाऱ्याच्या अंगी सचोटी आणि माणूस ओळखण्याची हातोटी असावी, इतके म्हणून आयोग थांबला नाही. त्याला कामगारांच्या भाषा याव्यात, असेही त्याने नोंदवले. १९३४ च्या मुंबई इलाख्यातील औद्योगिक तंट्यांसंबंधीच्या सलोखा कायद्याने सरकारी कामगार अधिकारी नेमला, ज्याचे काम गिरणी कामगारांची गाऱ्हाणी मालकांपुढे मांडणे हे होते, आणि त्यानंतर गिरणीमालकही आपापले कामगार अधिकारी नेमू लागले. या कामासाठी शिकलेली माणसे १९३६ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या समाजकार्याच्या शाळेतून, म्हणजे आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतून, मिळू लागली. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ४९ व्या कलमाने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. सारांश, आजच्या मनुष्यबळ विभागाचा या प्रदेशातील पूर्वज मुकादमाला पर्याय म्हणून जन्माला आला, आणि तंटा ऐकणे हे त्याचे जोडकाम नसून मूळ काम होते.

हे मूळ काम खांडबाऱ्यासारख्या ठिकाणी कोणत्या रूपात समोर येते, याकडे आता वळता येईल. शहरातील कारखान्यात कामगार आणि पर्यवेक्षक पाळी संपली की आपापल्या दिशांना पांगतात. येथे ते एकाच गाडीने, एकाच जीपच्या टपावर बसून, कित्येकदा एकाच गावी परततात, आणि त्यांच्यात सोयरीक असते किंवा दोन पिढ्यांचा बांधाचा वाद असतो. म्हणून बॉयलरवरच्या दोघांत झालेली बाचाबाची बॉयलरपुरती राहत नाही; तिच्यामागे गावची निवडणूक असते, लग्नातला मानपान असतो, आणि पर्यवेक्षकाने रात्रपाळी लावली ती कामाची गरज म्हणून की मागचे उट्टे काढण्यासाठी, हा प्रश्न दोन्ही बाजूंना मनापासून खरा वाटतो. अशा वेळी फक्त नियमपुस्तिका उघडणारा अधिकारी घटनेवर निर्णय देतो, पण तंट्याला हातही लावत नाही. ज्या अधिकाऱ्यांना येथे कामगारांचा विश्वास मिळाला, त्यांच्या कामाच्या रीतीत एक समान धागा दिसतो: ते प्रथम दोघांना वेगवेगळे ऐकतात, घटनेच्या आधीचे पंधरा दिवस विचारतात, पाळ्यांचा तक्ता समोर घेऊन रात्रपाळी कोणाला किती वेळा लागली हे मोजून दाखवतात, आणि त्यानंतरच दोघांना समोरासमोर बसवतात. पाळीवाटपाचा तक्ता सर्वांना दिसेल अशा ठिकाणी लावल्याने जितके तंटे टळतात, तितके सामोपचाराच्या भाषणांनी टळत नाहीत. कारण ज्या निर्णयाचे कारण दिसत नाही त्याचे कारण माणूस स्वतः कल्पून घेतो, आणि ते बहुधा नात्याचे किंवा जातीचे असते.

रजेचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. साखर कारखान्याचा गाळप हंगाम साधारणपणे दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. तोडलेल्या उसातील साखर दिवसागणिक घटत जाते, म्हणून गव्हाण, म्हणजे गाळपासाठी ऊस टाकण्याची जागा, रिकामी राहून चालत नाही. नेमका याच काळात फाल्गुन येतो, आणि या जिल्ह्यातील आदिवासी समाजासाठी होळीइतका मोठा सण दुसरा नाही. गावी नसणे म्हणजे आपल्या माणसांत आपली जागा सोडणे. पर्यवेक्षकाच्या नोंदीत ही ऐन हंगामातील सामूहिक गैरहजेरी ठरते, कामगाराच्या मनात ती विचारून घेण्याचीही बाब नसते, आणि परतल्यावर हातात पडलेली कारणे दाखवा नोटीस हा त्याला अपमान वाटतो. मेरी पार्कर फॉलेट या अमेरिकी विचारवंत स्त्रीने १९२५ मध्ये मांडलेले विवेचन या जागी उपयोगी पडते. तंटा मिटण्याच्या तीन वाटा तिने सांगितल्या: एकाने दुसऱ्यावर मात करणे, म्हणजे वर्चस्व, दोघांनी थोडेथोडे सोडणे, म्हणजे तडजोड, आणि दोघांच्या गरजा मुळाशी जाऊन तपासून दोन्ही भागतील अशी नवी रचना शोधणे, म्हणजे समावेश. रजा सरसकट नाकारणे ही पहिली वाट, आणि निम्म्यांना रजा देऊन निम्म्यांना दुखावणे ही दुसरी. तिसरी वाट शोधायची तर अधिकाऱ्याला या मुलखाची माहिती असावी लागते. सातपुड्याच्या पट्ट्यात सगळ्या गावांची होळी एकाच दिवशी पेटत नाही, गावोगावच्या होळ्या वेगवेगळ्या दिवशी ठरलेल्या असतात. तेव्हा हंगामाच्या आरंभीच कोणाच्या गावची होळी कधी, हे विचारून पाळ्या लावल्या, तर अक्कलकुवा-धडगावकडचा कामगार, नवापूरकडचा कामगार आणि गव्हाण या तिघांचेही भागू शकते. बाहेरून आलेला आणि पंचांगातील एकच तारीख पाहणारा अधिकारी हा उपाय सुचूच शकत नाही अशा जागी बसलेला असतो. मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांत स्थानिक ज्ञानाला जे दुय्यम स्थान दिले जाते ते म्हणूनच अन्यायाचे आहे. येथे ते ज्ञान हेच कौशल्य आहे.

भाषेचा मुद्दा व्हिटले आयोगाने जिथे ठेवला तिथेच आजही उभा आहे. आरोपपत्र, म्हणजे कामगारावर ठेवलेल्या ठपक्याचे लेखी निवेदन, बहुधा अशा मराठीत लिहिलेले असते की ते मराठी शाळेत शिकलेल्यालाही दोनदा वाचावे लागते. आणि घरात मावची किंवा भिली बोलणाऱ्या माणसाने त्याखाली केलेली सही ही समजल्याची खूण नसून पोचल्याची खूण असते. १९४६ च्या औद्योगिक सेवायोजन कायद्याने स्थायी आदेश, म्हणजे कामाच्या अटींचे प्रमाणित नियम, बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावावेत असे सांगितले होते. पण जेथे कोणतीच एक भाषा बहुसंख्यांची नाही तेथे अल्पसंख्य बोलीचा कामगार त्या कागदाबाहेरच राहतो. खातेनिहाय चौकशीत, म्हणजे कारखान्याने स्वतः चालवलेल्या शिस्तभंगाच्या चौकशीत, याचे परिणाम गंभीर होतात. ‘चूक झाली’ हे शब्द येथील माणूस वडीलधाऱ्यासमोर वाद नको म्हणून सहज उच्चारतो, गावच्या पंचांपुढे तेच शब्द समेटाचा आरंभ असतात. चौकशी अधिकाऱ्याच्या कागदावर मात्र ते गुन्ह्याची कबुली म्हणून उतरतात आणि नोकरी जाण्याला पुरेसे ठरतात. दुभाषा ठेवणे, जबाब वाचून दाखवणे, आणि जबाबाखाली कामगाराने आपल्या बोलीत काय सांगितले ते नोंदवणे, यांना फार खर्च येत नाही. निलंबनाच्या काळात पहिले ९० दिवस निम्मे वेतन आणि त्यापुढे, विलंब कामगारामुळे झाला नसेल तर, ७५ टक्के वेतन निर्वाह भत्ता म्हणून देणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि ही रक्कम आपला हक्क आहे हे निलंबित कामगाराला सांगण्याचे काम दुसऱ्या कोणाचे नाही, मनुष्यबळ विभागाचेच आहे. ते सांगितले जात नाही तेव्हा एक वाद मिटण्याआधी दुसरा उभा राहतो.

गावची तंटा मिटवण्याची रीत आणि कारखान्याची रीत यांतील हे अंतर नीट समजून घेण्यासारखे आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींसंबंधीच्या कायद्याने, तंटे सोडवण्याच्या रूढ पद्धतीचे जतन करण्याचा ग्रामसभेचा अधिकार मान्य केला आहे, आणि महाराष्ट्राने १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम राबवली. पंच बसतात तेव्हा सर्वांसमोर बोलले जाते, वेळेची घाई नसते, दोष ठरवण्यापेक्षा दोन घरे पुन्हा एकमेकांकडे पाणी प्यायला जातील का, हे पाहिले जाते. कारखान्यातील चौकशी बंद खोलीत होते, तिला मुदत असते आणि तिच्या शेवटी दोषी किंवा निर्दोष एवढाच निकाल निघतो. पाळ्या, हत्यारे, टोमणे, उसनवारी अशा तंट्यांत पहिल्या रीतीतून घेण्यासारखे पुष्कळ आहे, आणि समंजस अधिकारी ते घेतातही.

परंतु समेटाचा हा गुण जेथे दोष बनतो ती सीमा ठामपणे आखली पाहिजे, कारण ती पुसट राहिली की सर्वांत दुबळ्या माणसाचा बळी जातो. स्त्रीचा लैंगिक छळ हा तंटा नव्हे. राजस्थानातील एका ग्रामीण कार्यकर्तीवरील अत्याचारानंतर सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिलेला विशाखा निकाल आणि त्यावर आधारलेला २०१३ चा कायदा यांनी दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती बंधनकारक केली आहे. त्याहून लहान ठिकाणांसाठी, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तेव्हा, जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. समेट फक्त तक्रारदार स्त्रीने स्वतः मागितला तरच करता येतो, आणि तो पैशाच्या देवघेवीवर होऊ शकत नाही, हे कायद्याने स्पष्ट केले आहे. खांडबारा परिसरात ही तरतूद विशेष महत्त्वाची ठरते, कारण तक्रार करणारी आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो एकाच गावचे असले की दोन्हीकडचे वडीलधारे मिटवामिटवीसाठी दुसऱ्याच दिवशी कार्यालयाच्या दारात येतात, आणि ‘घरचेच प्रकरण आहे, साहेब’ असे म्हणतात. अशा वेळी दार बंद ठेवणे, नाव बाहेर जाऊ न देणे आणि तिच्या पाळीची वेळ तिच्या इच्छेनुसार बदलणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. आदिवासी किंवा दलित कामगाराचा जातीवरून सार्वजनिकरीत्या केलेला अपमान हाही १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा विषय होऊ शकतो. तो ‘रागाच्या भरात बोललेले शब्द’ म्हणून कार्यालयातच झाकण्याचा कोणालाही अधिकार नाही.

येथवरच्या सर्व विवेचनात एक अडचण गृहीत राहिली आहे: ज्याचा पगार मालक देतो त्याने मालक आणि कामगार यांच्यात निःपक्ष कसे राहायचे? कामगार हा प्रश्न ‘तो कोणाचा माणूस?’ अशा थेट शब्दांत विचारतात. अनेक राज्यांच्या कल्याण अधिकारीविषयक नियमांनी याची दखल घेऊन या अधिकाऱ्याला शिस्तभंगाच्या कारवाईपासून आणि न्यायाधिकरणापुढे कामगाराविरुद्ध मालकाची बाजू मांडण्यापासून दूर ठेवले होते. आजच्या मनुष्यबळ विभागात मात्र भरती, शिस्त, कपात आणि तक्रारनिवारण एकाच टेबलावर आले आहे. सकाळी ज्याने नोटीस दिली त्याच्याकडेच दुपारी गाऱ्हाणे घेऊन जायचे, अशी रचना झाली आहे, आणि ती जॉबरच्या काळातील पेचाची आठवण करून देते. निःपक्षपातीपणा हा स्वभावाचा गुण म्हणून मागणे पुरेसे नाही, तो कामाच्या विभागणीत बांधावा लागतो: चौकशी करणारा आणि तक्रार ऐकणारा वेगळा असला पाहिजे, समितीत कामगारांनी निवडलेले कामगार असले पाहिजेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रारनिवारण समिती सांगितली आहे, तिच्यात मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी समसमान, एकूण दहापर्यंत, आणि स्त्रियांना त्यांच्या संख्येच्या प्रमाणात स्थान आहे. अर्जाचा निर्णय तीस दिवसांत अपेक्षित आहे. मात्र त्याच संहितेने स्थायी आदेशांची मर्यादा तीनशे कामगारांपर्यंत वर नेली आहे. नवापूरच्या वसाहतीत किंवा कुक्कुटपालन केंद्रांत एवढे कामगार असलेली ठिकाणे थोडीच असणार, म्हणजे बहुतेक ठिकाणी समिती असेल पण तिने ज्या नियमांवर बोट ठेवायचे ते नियम लिहिलेले नसतील. हे लक्षात घेऊन लहान आस्थापनांनी रजा, पाळी, जादा काम आणि दंड यांचे नियम स्वतःहून एका पानावर लिहून लावणे श्रेयस्कर, कायदा मागत नसला तरी.

आणि तरीही या परिसरातील सर्वांत मोठा, सर्वांत जुना आणि सर्वांत कमी ऐकलेला तंटा या कोणत्याच समितीपर्यंत येत नाही. साखर कारखान्याच्या मनुष्यबळ विभागाच्या नोंदवहीत कायम कामगार असतात, हंगामी कामगार असतात. त्यांची सेवाज्येष्ठता, बिगरहंगामातील भत्ता, भविष्य निर्वाह निधी, सारे नोंदलेले असते. ज्याने तोडलेल्या उसावर गव्हाण चालते तो तोडणी कामगार मात्र या वहीत नसतो. त्याचा व्यवहार मुकादमाशी, मुकादमाचा करार शेती विभागाशी किंवा तोडणी-वाहतूक ठेकेदाराशी. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, त्यांना हंगामापूर्वी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दिली जाते, आणि ती फिटेपर्यंत त्यांची वेळ, जागा व मुलांची शाळा यांवर मुकादमाचा ताबा राहतो. आजारपणात खाडा झाला तर दंड, काट्यावरील वजनाबद्दल शंका, उचलीच्या हिशेबातील तफावत, कोपीच्या, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीच्या, जागेवरील पाणी आणि उजेड, बाईमाणसाची सुरक्षितता, हे सारे तंट्याचे विषय आहेत, पण त्यांना तंटा हे नावही मिळत नाही. १९३१ च्या अहवालाने जो अधिकार मुकादमाकडून काढून घेण्यास सांगितले, तो ऊसतोडीत आजही त्याच्याच हाती आहे.

यात मुकादमाला खलनायक ठरवणे मात्र चुकीचे होईल. तोही बहुधा त्याच भागातला, थोड्या अधिक ऐपतीचा माणूस असतो. एखादा कोयता उचल घेऊन परागंदा झाला तर तोटा त्याच्या अंगावर येतो, आणि आजाऱ्याला रात्री दवाखान्यात नेणाराही तोच असतो. दोष व्यवस्थेचा आहे: भरती, कर्ज, देखरेख आणि न्याय या चारही गोष्टी तिने एकाच माणसाकडे सोपवल्या आहेत.

दक्षिण गुजरातेत गेलेल्यांची स्थिती अधिक अवघड आहे. डच अभ्यासक यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकापासून बारडोली परिसरातील सहकारी साखर कारखान्यांसाठी खानदेश आणि डांगमधून येणाऱ्या तोडणी मजुरांचा अभ्यास केला आणि हंगामाच्या अखेरीस होणाऱ्या हिशेबापर्यंत मजूर खावटीच्या, म्हणजे पोटापुरत्या आगाऊ दिलेल्या, धान्यावर कसा बांधलेला राहतो, हे तपशिलाने दाखवले. महाराष्ट्रात तोडणीचे दर साखर संघ आणि मजूर संघटना यांच्यातील वाटाघाटींनी ठरतात, जानेवारी २०२४ च्या समझोत्यात त्यांत ३४ टक्के वाढ झाली. सीमेपलीकडे गेलेल्या खांडबाऱ्याच्या कोयत्याला तो समझोता लागू नाही. गुजरातने २०२३ मध्ये तोडणीचा किमान दर टनाला २३८ वरून ४७६ रुपये केला, पण दर वाढला तरी त्यातून आपल्या उचलीपोटी किती वळते झाले, हे विचारण्याची खिडकी मजुराला दोन्ही राज्यांत सापडत नाही. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ मध्ये कायदा झाला, ठेकेदाराला परवाना आणि मजुराला पासबुक सांगितले गेले; ताप्ती मार्गावरून संसार डोक्यावर घेऊन जाणाऱ्यांपैकी किती जणांच्या हातात असे पासबुक आले, याचे उत्तर या भागात कोणालाही ठाऊक आहे.

तंटा ऐकणारी जागा नसली की काय होते, याचा इतिहास याच जिल्ह्यात घडलेला आहे. शहादा-तळोदा परिसरात सालदारांची, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतमालकाकडे राबणाऱ्या गड्यांची, मजुरी आणि वागणूक यांविषयीची गाऱ्हाणी वर्षानुवर्षे साचत गेली. अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारखा त्याच समाजातून आलेला नेता आणि १९७२ मध्ये उभी राहिलेली श्रमिक संघटना यांनी ती मोर्चे आणि संप यांच्या मार्गाने पुढे आणली, आणि त्यातूनच आदिवासी स्त्रियांनी दारू व मारहाण यांविरुद्धची स्वतःची लढाई सुरू केली. ज्या संघर्षाला आज ‘व्यवस्थापन’ हा शब्द लावला जातो, त्याच्या मागे असा संघर्ष उभा असतो, याचे भान मनुष्यबळाच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी ठेवले पाहिजे. कारण आपले म्हणणे मांडण्यासाठी मिळालेली कार्यालयातील खुर्ची कामगाराला कोणी दयेने दिलेली नाही, ती त्याने मिळवलेली आहे.

मुकादमाच्या हातून न्यायाचा अधिकार काढून घेणे अशक्य नाही, हेही महाराष्ट्राने दाखवले आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून आलेल्या १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालांची नोंदणी, मजुरीचा भरणा आणि तंट्यांची सुनावणी टोळीवाल्याकडून, म्हणजे हमालांच्या मुकादमाकडून, काढून मालक, कामगार आणि शासन यांच्या त्रिपक्षीय मंडळाकडे दिली. हमाल रोज नव्या मालकाकडे जातो, त्यामुळे त्याला कोणाचाच कर्मचारी मानता येत नाही, ही सबब तेथे चालली नाही. ऊसतोड मजुरांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ झाले आहे. त्याला माथाडी मंडळाप्रमाणे मजुरी भरण्याचा आणि तंटा ऐकण्याचा अधिकार मिळाला, तर त्याचे स्वरूप बदलेल.

तोपर्यंत खांडबाऱ्याच्या पातळीवर करता येण्याजोगे एक काम आहे. शेजारच्या मध्य प्रदेशाने २०२२ च्या पेसा नियमांत गावातील मजूर बाहेर नेणाऱ्याने ग्रामसभेला कळवावे, अशी तरतूद केली आहे. नवापूर तालुक्यातील ग्रामसभांनाही दसऱ्यापूर्वी एक बैठक घेऊन मुकादमाला बोलावता येईल आणि प्रत्येक कोयत्याची उचल, टनाचा दर, खाड्याचा दंड, जाण्याचे ठिकाण आणि आजारपणातील खर्चाची जबाबदारी ग्रामपंचायतीच्या वहीत मजुराला समजेल अशा बोलीत वाचून लिहिता येईल, दोन प्रती करून एक मजुराला देता येईल. साखर कारखान्याचा मनुष्यबळ अधिकारी त्या बैठकीला आला, त्याने त्या वहीची प्रत आपल्या नोंदवहीला जोडली आणि हंगामात महिन्यातून एकदा तोडणीच्या तळावर जाऊन ती प्रत हातात घेऊन हिशेब विचारला, तर त्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागणार नाही. अडचण येईल ती शेती विभागाकडून, कारण तोडणी मजूर हा आपला विषय नाही आणि मनुष्यबळ विभागाचाही नाही, असे तेथे आजवर सांगितले जाते. तेव्हा ही भेट त्या अधिकाऱ्याच्या कर्तव्यांच्या यादीत संचालक मंडळाच्या ठरावाने लिहून घ्यावी लागेल, आणि सहकारी कारखान्यात असा ठराव मांडण्याचा अधिकार सभासदांना आहे, ज्यांच्यापैकी कित्येकांचे भाऊबंद त्याच हंगामात कोयता घेऊन बारडोलीकडे गेलेले असतात.